आधी घरात घ्या : केडगावच्या मुक्तीची वाटचाल

मंडळी लहान असली की सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. भंडारा जिल्ह्यातल्या मंडळ्या अशाच आहेत. कोणाच्या घरात मोहाची दारू शिरली, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोण तुरुंगातून सुटून आला, कोणी लग्नावाचून संसार थाटला, हे रविवारची उपासना सुरू होण्याआधीच बाकाबाकांवरून फिरून आलेलं असतं. मग एखाद्या रविवारी तोच माणूस दाराशी येऊन उभा राहतो आणि वडीलजनांच्या बैठकीत प्रश्न निघतो : याला घ्यायचं का? घेतलं तर प्रभुभोजनाला बसवायचं का? आधी सुधारून ये म्हणायचं, की आधी ये म्हणायचं?

मराठी ख्रिस्ती समाजातल्या एका संस्थेनं या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी जगून दाखवलं. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन म्हणजे ती संस्था. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचं धर्मांतर, त्यावरचं वादळ हे सगळं पुष्कळदा लिहून झालं आहे. इथे सांगायचं आहे ते एवढंच : त्यांच्या दारात जे जसे आले, ते तसे आत कसे घेतले गेले, आणि घेतल्यानंतर काय करावं लागलं.

फुलहॅमच्या भगिनी

मुक्तीचा आरंभ केडगावात नव्हे, लंडनमध्ये झाला असं म्हणायला हरकत नाही. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आईवडील १८७४ च्या सुमारास उपासमारीत गेले होते. भाऊ श्रीनिवास गेला, आणि लग्नाला दोन वर्षंही पुरी होण्याआधी, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. सोबत होती लहानगी लेक मनोरमा. वाँटेजच्या भगिनीसंघात त्या उतरल्या आणि तिथून त्यांना संघाची लंडनमधल्या फुलहॅमची शाखा पाहायला पाठवण्यात आलं.

फुलहॅमला या भगिनी समाजानं ओवाळून टाकलेल्या स्त्रियांना आसरा देत. आसरा मिळालेल्यांपैकी काहीजणी इतक्या बदलल्या होत्या की त्यांनी स्वतःच आजाऱ्यांची शुश्रूषा हाती घेतली होती. रमाबाई चकित झाल्या. त्या लहानपणापासून शास्त्रपुराणं मुखोद्गत करत आलेल्या. त्यांनी वाचलेल्या स्मृतींमध्ये अशा बाईला शिक्षा सांगितली होती, परत येण्याची वाट कुठेच सांगितलेली नव्हती. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता? भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई. तिच्याशी येशू स्वतःहून बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, तिचं सगळं जिणं ठाऊक असून मागतो.

पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठीही काही करायला हवं, हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथे उमगलं, असं रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

या बाप्तिस्म्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. रमाबाई शंकांसकट आत आल्या होत्या. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटल्यावर दुसरं जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि वाँटेजच्या भगिनी जेराल्डिनला त्यांनी हे पत्रांतून रोखठोक कळवलं होतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवरची सगळी वर्षं त्या ख्रिस्तीच म्हणवल्या गेल्या होत्या. कोणी त्यांना, आधी सगळं पटू दे, मग ये, असं म्हटलं असतं, तर मुक्ती उभीच राहिली नसती. चर्चचं दार अपुऱ्या माणसासाठी उघडं ठेवावं हे रमाबाईंना कोणी निराळं शिकवायला नको होतं. त्या स्वतःच त्या दारातून आत आलेल्या होत्या.

शारदा सदन आणि त्याची कुंपणं

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि उद्देश ठरलेला : उच्चवर्णीय हिंदू विधवांचं शिक्षण. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला आलं. मुलींना त्यांच्या रीतीप्रमाणे स्वयंपाक, पूजाअर्चा, सोवळं पाळण्याची मोकळीक होती. रमाबाईंची प्रार्थना त्यांच्या खोलीत चाले, दार मात्र बंद नसे. त्या उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

त्या वादात दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते त्या काळाचं होतं. पालकांची भीती खोटी नव्हती आणि रमाबाईंची प्रामाणिकताही खोटी नव्हती. आपल्या विषयापुरती मोलाची गोष्ट वेगळीच आहे. शारदा सदनाच्या दाराला अजून कुंपणं होती. जात ठरलेली, वैधव्य ठरलेलं, शील निष्कलंक असणं गृहीत धरलेलं. ती कुंपणं दुष्काळानं मोडली.

धानाच्या मुलखातला दुष्काळ

१८९६ साली पावसानं फार लवकर पाठ फिरवली. भंडारा तेव्हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होतं. तळ्यांचा आणि धानाचा हा मुलूख. लोंबी भरायच्या वेळी पाणी नाही म्हणजे पोटाला अन्न नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. १८९७ मध्ये प्रांतभर दुष्काळी कामं निघाली, गरीबखाने उघडले, रस्त्यांवर माणसं पडू लागली. तीन वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, आणखी मोठा दुष्काळ आला.

रमाबाई मध्य प्रांतात गेल्या त्या १८९६-९७ च्या या काळात. आपण सोळा वर्षांच्या असताना पानं आणि रानफळं खाऊन काढलेले दिवस त्या विसरल्या नव्हत्या. गरीबखान्यांत त्यांनी पाहिलं ते भुकेपेक्षा भयंकर होतं. पोरक्या मुली तिथल्या पुरुषांच्या तावडीत सापडत होत्या. भाकरीच्या बदल्यात त्यांच्याकडून काय घेतलं जात होतं ते त्यांनी न लाजता लिहून जगाला कळवलं. आपल्याकडे पैसा किती, जागा किती, याचा हिशेब मांडला तर थोड्याच मुली आणता येतील हे उघड होतं. त्यांनी तीनशे मुलींना घर द्यायचं मनाशी ठरवलं आणि मुली आणायला सुरुवात केली.

त्याच वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध आले. नव्या मुलींना शहरात ठेवायला बंदी झाली. केडगावला रेल्वेमार्गालगत रमाबाईंनी थोडी आधी शंभर एकर जमीन घेतली होती, फळबाग करून संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून. त्या माळावर झोपड्या आणि तंबू पडले, आणि मुक्ती सदन उभं राहिलं. कोणत्या जातीची, कुमारी की विधवा, कोणत्या गावची, यांतलं काहीही दारात विचारायचं नाही असं ठरलं.

आत आलेल्या मुली म्हणजे धर्मपुस्तकांतल्या चित्रांसारखी गोंडस अनाथ बाळं नव्हती. अंगावर खरूज आणि फोड, डोक्यात उवा, पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. त्याहून अवघड होतं ते भुकेनं लावलेलं वळण. त्या चोरून खात, खाणं लपवून ठेवत, खोटं बोलत, एकमेकींना ओरबाडत. काही मुली पुरुषांच्या अत्याचारातून आलेल्या आणि त्याचे आजार घेऊन आलेल्या. रमाबाईंनी हे कुठे झाकून ठेवलं नाही. या मुलींना सांभाळायला पगारी माणसं आणणं शक्यच नव्हतं. शारदा सदनातून ख्रिस्ती झालेल्या विधवा पुढे आल्या आणि एकेकीनं मुलींचा एकेक गट अंगावर घेतला. काल स्वतः आसऱ्याला आलेली बाई आज दुसरीचं डोकं धुऊ लागली. मुक्तीची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे : ज्याला घेतलं, त्यानं पुढच्याला घ्यायचं.

१९०० पर्यंत केडगावात दीड हजारांवर माणसं राहत होती.

कृपा सदन

१८९९ च्या सुमारास कृपा सदन निघालं. ज्यांना गावानं, घरानं आणि पुष्कळदा मिशनांनीही दार लावलं होतं, अशा स्त्रियांसाठी ते होतं. फुलहॅममध्ये पाहिलेलं सोळा वर्षांनी केडगावात उतरलं.

इथे रमाबाईंचं शहाणपण नीट पाहण्यासारखं आहे. त्यांनी सरसकट सगळ्यांना एका छताखाली कोंबलं नाही. शेकडो लहान मुली सांभाळायच्या होत्या, तर या स्त्रियांना स्वतंत्र सदन दिलं. वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन झालं. अंधांसाठी वेगळं सदन झालं, त्याला येशूनं दृष्टी दिलेल्या बार्तीमयाचं नाव मिळालं आणि मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल आणलं. प्रत्येकाची जखम वेगळी, म्हणून प्रत्येकाचं सदन वेगळं. उपासनेचं मंदिर मात्र एकच. रविवारी कृपा सदनातली बाई, प्रीती सदनातली म्हातारी, शारदा सदनातली पदवीची स्वप्नं पाहणारी विधवा आणि दुष्काळातून आलेली पोर जमिनीवर मांडीला मांडी लावून बसत. काळजी घेताना भेद आणि देवापुढे अभेद, ही मुक्तीची रीत आजच्या मंडळ्यांनीही उचलावी अशी आहे. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा विचार न करता कोणालाही कुठेही मोकळं सोडणं म्हणजे क्षमा नव्हे. आणि सुरक्षिततेचं नाव पुढे करून दारच लावून घेणं म्हणजे शिस्त नव्हे.

दुसरं शहाणपण कामाचं. शेत, विहिरी, गोठा, माग, शिवण, तेलघाणा, भटारखाना, छापखाना. मुक्तीत रिकाम्या हातांनी बसून पश्चात्ताप करायला कोणाला सांगितलं जात नसे. ज्या बाईला जगानं एकच धंदा शिकवला, तिला दुसरा शिकवल्याशिवाय तिला नवा जन्म मिळाला म्हणणं ही नुसती बोलाची कढी होय, हे रमाबाई जाणून होत्या.

१९०५ : पाप बोलून दाखवण्याचं वर्ष

१९०५ च्या आरंभी, वेल्समधल्या जागृतीची वार्ता आल्यावर, रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेला येतील अशा मुलींना बोलावलं. सत्तर आल्या. पुढे संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस मुक्तीत ती जागृती झाली, जिची नोंद आज जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात केली जाते. मिनी अब्राम्स या अमेरिकन सेविका तेव्हा तिथे होत्या आणि त्यांच्या लिखाणातून ही वार्ता दूर चिलीपर्यंत पोचली.

त्या दिवसांतल्या रडण्याविषयी, मोठमोठ्यानं केलेल्या प्रार्थनांविषयी बाहेर पुष्कळ उलटसुलट बोललं गेलं. मला त्यातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मुली आपले अपराध उघड बोलू लागल्या. चोरलेलं परत करू लागल्या, जिच्याशी भांडण तिच्याकडे जाऊन क्षमा मागू लागल्या. म्हणजे आत घेतल्यानंतर आठ वर्षांनी हिशेब झाला, आणि तो ज्याचा त्यानं केला. दारात उभं करून जबाब घेतला असता तर तीच मुलगी खोटं बोलली असती, कारण खोटं बोलल्याशिवाय भाकर मिळत नाही हेच तिला दुष्काळानं शिकवलं होतं. पोट भरलं, कोणी आपल्याला हाकलणार नाही ही खात्री पटली, तेव्हाच खरं बोलायला तोंड उघडलं. पश्चात्तापाला आधी सुरक्षितता लागते. हे धर्मशास्त्राच्या वर्गात शिकवलं जातं की नाही ठाऊक नाही, केडगावात ते घडलं.

छापखान्यातल्या बायका

शेवटची वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. मूळ इब्री आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचता येईल अशा सोप्या मराठीत. नवा करार आधी निघाला. खिळे जुळवणं, मुद्रितं तपासणं, छापणं, बांधणं ही कामं मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. एकेकाळी अक्षरओळख नसलेल्या बाईच्या बोटांनी एकेक खिळा उचलून शोमरोनी स्त्रीची तीच गोष्ट ओळीत बसवली. वाचक म्हणून नजरेसमोर होती तीही तिच्यासारखीच बाई. मंडळीत घेतलेल्या माणसाला श्रोता म्हणून बाकावर बसवून ठेवायचं नसतं, त्याच्या हाती वचन द्यायचं असतं, याचा याहून मोठा दाखला माझ्या पाहण्यात नाही.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतराचं काम त्यांनी संपवत आणलं होतं, आणि संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं. १९८९ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघालं. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे आणि निराधार स्त्रिया-मुलांना आजही घर देतं.

राजनांदगावची गाडी

भंडाऱ्याच्या वाचकाला केडगाव लांब वाटेल. म्हणून आपल्या रुळांवरून गेलेल्या एका माणसाचीही आठवण काढायला हवी. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. तो मार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया असाच जातो, आणि गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र नवऱ्यापासून दूर राहिल्या, परत आल्या तेव्हा त्याच घरात सोवळं सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात तो सगळा काळ त्यांनी जसा होता तसा मांडला आहे. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला तो याच जाणिवेतून : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे निघालेले सगळे एका बैठकीत. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण वाटेत असलेल्या माणसालाही आपल्यात जागा असते हे त्यांनी मराठी मंडळीला सांगून ठेवलं.

आणि नागपूर-भंडाऱ्याच्या मंडळ्यांचा स्वतःचा इतिहास तरी काय सांगतो? १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून. हे चर्च १८४३ च्या फुटीतून निघालेलं. पुढे त्याच स्कॉटिश मिशनचं काम भंडाऱ्यात आलं. घरी स्कॉटलंडात फुटलेली चर्चेस १९०० आणि १९२९ मध्ये टप्प्याटप्प्यानं जुळली. इकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेचे, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स असे निरनिराळ्या वळणाचे लोक एका मंडळीत आले. एकमेकांचा बाप्तिस्मा, एकमेकांची उपासना, एकमेकांचे पाळक पुरते पटल्यावर ते एकत्र आले नाहीत. एकत्र आले आणि मग पटवून घेत राहिले. म्हणजे आपली मंडळीसुद्धा अपुऱ्या मंडळ्यांनी एकमेकींना घेण्यातूनच झाली आहे.

आपल्या बैठकीतला प्रश्न

आता पुन्हा वडीलजनांच्या बैठकीकडे येतो. मुक्तीच्या वाटचालीतून आपल्याला घेण्यासारखं आहे ते अगदी व्यवहाराचं आहे.

दारू पिणारा भाऊ उपासनेला आला तर त्याला शेवटच्या बाकावर एकटं सोडू नये. ज्यानं कधीकाळी दारू सोडली आहे त्याला त्याच्या शेजारी बसवावं आणि आठवडाभर त्याच्या घरी जायला सांगावं. टाकलेली बाई आली तर तिची कहाणी विचारण्याआधी तिला काम आहे का, मुलांची शाळा चालू आहे का, हे विचारावं. तुरुंगातून आलेल्याला मंडळीनं बाजारात ओळख द्यावी, कारण काम मिळाल्यावाचून त्याचा पश्चात्ताप टिकणार नाही. ज्याच्यापासून लेकरांना धोका असू शकतो त्याच्यासाठी नियम ठरवावेत आणि ते त्याला तोंडावर, प्रेमानं सांगावेत. आणि ज्याला शंका आहेत, ज्याचा विश्वास अर्धा आहे, त्याला प्रश्न विचारू द्यावेत. रमाबाईंना आठ वर्षं लागली होती.

यात धोका आहे. घेतलेला माणूस पुन्हा पडेल, कधी मंडळीला खाली पाहायला लावेल. मुक्तीतूनही कोणी पळून गेलं असेल, कोणी जुन्या वाटेला लागलं असेल. तरी रमाबाईंनी दाराचा नियम बदलला नाही, कारण दार कोणाच्या लायकीवर उघडलं नव्हतं. ज्या प्रभूनं आपल्याला आपण आहोत तसं घेतलं, त्याच्या नावावर ते उघडलं होतं. पुढच्या वेळी बैठकीत, याला घ्यायचं का, असा प्रश्न निघाला की वडीलजनांनी आधी एवढं ठरवावं : याच्या शेजारी कोण बसणार, आणि उद्या याच्या घरी कोण जाणार? या दोन प्रश्नांना नावं मिळाली की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप होकारार्थी होतं.